अमर्गोसाचं खोरं: झऱ्यांचं पाणी वेगळं, ओढ्यांचं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत लास वेगासहून डेथ व्हॅलीच्या वाळवंटात जाताना नकाशावर अमर्गोसा नावाची लांबच लांब नदी दिसते. प्रत्यक्षात पात्रात नुसती वाळू आणि पांढरा खार. पण त्याच परिसरात अॅश मेडोजला गेलात तर निळसर, कोमट, तळ दिसेल इतकं नितळ पाणी बारा महिने वाहत असतं. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. मग नदी कोरडी आणि झरे भरलेले, असं कसं? विहिरींच्या उपशाचा त्यात काही हात आहे का? ओढ्यांना मधूनच पूर येतात, तेच पाणी मुरून झऱ्यातून निघतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. निदान या खोऱ्यात तरी नाही. इथे दोन पाणी आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फारच कमी आहे. ओढ्याचं पाणी काल-परवाच्या ढगाचं. झऱ्याचं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फाचं. भूजलाच्या कामात इथे येणाऱ्या नवख्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण दोन्ही पाणी एका हिशेबात धरली की पुढची सगळी गणितं चुकतात.

आपल्याकडचा झरा डोक्यात ठेवून इथे आलं की गोंधळ होणारच. सह्याद्रीत बेसाल्टच्या थरांच्या सांध्यांतून आणि भेगांमधून पाणी झिरपतं. जून ते सप्टेंबर पाऊस, पावसाळ्यात झरा जोरात, दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि बऱ्याच ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये आटते. त्या खडकात साठवण कमी, त्यामुळे झरा पावसाला लगेच उत्तर देतो. इथल्या झऱ्यांना या वर्षीचा पाऊस माहीतही नसतो. आपल्याकडचं त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण हवं असेल तर वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंतची गरम पाण्याची कुंडं घ्या. तिथेही पाणी खोल जाऊन, तापून, भेगांच्या वाटेने वर येतं. फक्त अॅश मेडोजचा पसारा त्यापेक्षा खूप मोठा आहे.

पाणी येतं ते मुख्यतः पूर्वेकडच्या स्प्रिंग माउंटन्समधून. तिथलं चार्ल्सटन शिखर ३,६३२ मीटर उंच. खाली वाळवंटात पडलेला पाऊस तापलेल्या जमिनीवरून बहुतांशी वाफ होऊन जातो. वर मात्र हिवाळ्यात बर्फ साठतं, थंड हवेत हळूहळू वितळतं आणि चुनखडीच्या भेगांत उतरतं. हळू वितळणं हा इथला कळीचा मुद्दा. तेवढंच पाणी जुलैच्या वळवासारखं तासाभरात कोसळलं असतं तर उतारावरून वाहून गेलं असतं. ही चुनखडी आणि डोलोमाइट म्हणजे पुराजीव महाकल्पातल्या समुद्राचा तळ. पाण्यात विरघळून तिच्यात फटी आणि पोकळ्या झाल्यात. डोंगर आणि दऱ्या वरून वेगळ्या दिसल्या तरी हा थर त्यांच्या खालून सलग जातो. त्यामुळे पृष्ठभागावरचा पाणलोट एक आणि जमिनीखालचा पाणलोट दुसराच. नकाशावर खोऱ्याची सीमा काढून तिच्यातल्या पावसाचा हिशेब मांडणाऱ्याला झऱ्यांचं पाणी जास्तच निघतं, ते यामुळे.

मग ते नेमकं अॅश मेडोजलाच वर का येतं? कारण तिथे एक भ्रंश आहे, म्हणजे जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेत अशी भेग. भ्रंशाच्या पूर्वेला पाणी सहज वाहू देणारी चुनखडी, पश्चिमेला खाली सरकलेल्या भागात साठलेला बारीक, चिकण गाळ. पूर्वेकडून दाबाखाली आलेल्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून ते वर चढतं. झरे एका ओळीत का आहेत याचं कारणही हेच. साधारण १६ किलोमीटरच्या पट्ट्यात लहान-मोठे मिळून तीसेक झरे आणि पाझर आहेत. त्यातल्या क्रिस्टल स्प्रिंगमधून मिनिटाला सुमारे १० हजार लिटर पाणी येतं. दुष्काळात आपल्या गावात येणारा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. इथे दर मिनिटाला तेवढं पाणी, दिवसरात्र, पावसाळा-उन्हाळा न बघता. पाण्याचं तापमान तिशीच्या आसपास, तेही वर्षभर जवळपास तेच. हिवाळ्यात पहाटे गेलात तर कुंडावर वाफ तरंगताना दिसते.

पाणी हजारो वर्षांचं आहे हे कशावरून, असं तुम्ही विचारालच. दोन खुणा असतात. पहिली ट्रिशियमची, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाची. १९५०-६०च्या दशकांतल्या हवेतल्या अणुचाचण्यांनी जगभरच्या पावसात ट्रिशियम मिसळलं. ते पाण्यात सापडलं तर त्यात त्या काळाचा किंवा नंतरचा पाऊस आहे असं समजायचं. या मोठ्या झऱ्यांच्या पाण्यात ते जवळपास नसतंच. गंमत अशी की नेवाडाचं अणुचाचणी क्षेत्र याच खोऱ्याच्या डोक्यावर आहे. १९५१ ते १९९२ या काळात तिथे चाचण्या झाल्या, बहुतेक जमिनीखाली. त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या भूजलावर आजही नजर ठेवावी लागते. दुसरी खूण कार्बन-१४ ची. तो काळाबरोबर घटत जातो, म्हणून किती उरला यावरून वय काढतात. इथे मात्र सावध राहावं लागतं. चुनखडीतला कार्बन कोट्यवधी वर्षांचा, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. तो पाण्यात विरघळला की पाणी आहे त्यापेक्षा खूप म्हातारं दिसतं. प्रयोगशाळेतून आलेला कच्चा आकडा तसाच छापणाऱ्या बातम्या मी पाहिल्या आहेत. दुरुस्ती करून वय बरंच खाली येतं, तरी ते हजारांतच राहतं.

आता डेव्हिल्स होलबद्दल, कारण त्याशिवाय या खोऱ्याचं काहीच समजत नाही. हा झरा नाही. चुनखडीत उघडलेली एक फट आहे आणि तिच्यातून आपल्याला थेट भूजलपातळी दिसते. पाणी ३३-३४ अंश, खोली १५० मीटरच्या पलीकडे. तळ कोणीही पाहिलेला नाही. तोंडाशी पाण्याखाली काही मीटर लांबी-रुंदीचा एक खडकाचा कट्टा आहे. डेव्हिल्स होल पपफिश नावाचा जेमतेम इंचभर लांबीचा मासा जगात फक्त इथेच आहे, आणि तो त्या कट्ट्यावरच्या शेवाळावर जगतो, तिथेच अंडी घालतो. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ही फट आणि भोवतालची सुमारे १६ हेक्टर जमीन डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्राला जोडली.

हे पाणी किती हळवं आहे बघा. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन किंचित ताणली जाते, तेवढ्यानेही पातळी रोज काही सेंटिमीटर वर-खाली होते. १९ सप्टेंबर २०२२ रोजी मेक्सिकोच्या मिचोआकानमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. साधारण वीस-बावीस मिनिटांनी इथल्या पाण्यात मीटरभर उंचीच्या लाटा उसळल्या. डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या भूकंपांच्या हेलकाव्यांनी कट्ट्यावरचं शेवाळ आणि अंडी खोलात ओढून नेली. २०२४ च्या वसंतात मोजलेले मासे १९१ होते, २०२५ च्या वसंतात ३८. बंदिस्त जलधरात, म्हणजे पाणी दाबाखाली धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात, दाब कसा पसरतो हे शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. एका टोकाला ताण पडला की तो पाण्यातून सगळीकडे पोहोचतो. पंपाचा ताणही असाच पोहोचतो, फक्त सावकाश.

ओढ्यांकडे वळतो. इथे त्यांना वॉश म्हणतात. वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस कोरडे. पाणी येतं ते दोन प्रकारे: जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून येणाऱ्या दमट हवेची स्थानिक वादळं, आणि हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारी मोठी, दिवसभर चालणारी पावसाची झोड. उन्हाळी वादळ दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात कोसळतं. तुम्ही उभे आहात तिथे कडक ऊन आणि ओढ्याला पूर, असं सर्रास होतं.

पुराचं तोंड एकदा तरी पाहण्यासारखं असतं, अर्थात काठावरच्या उंच जागेवरून. पाण्याआधी आवाज येतो, दगडांचा. मग पुढे येते ती स्वच्छ लाट नसतेच. काटक्या, वाळलेली झुडपं, करडा फेस आणि चिखल यांचा एक ढीग सरकत येतो आणि त्याच्यामागे पाणी. ते पुढे जाताना आटत जातं, कारण कोरडी वाळू ते पिते. वर डोंगराच्या तोंडाशी मोजलेला प्रवाह आणि दहा-पंधरा किलोमीटर खाली मोजलेला प्रवाह यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुष्कळदा खालच्या मापनपट्टीपर्यंत पूर पोहोचतच नाही. जलशास्त्रात याला वहनहानी म्हणतात. आपल्याकडे नदी खाली जाताना मोठी होते, इथे ती खाली जाताना लहान होते.

मग वाळूने प्यालेलं ते पाणी कुठे जातं? थोडं खाली उतरतं आणि पात्राखालच्या उथळ गाळात साठतं. पण बरंचसं वरच्या काही मीटरमध्येच अडकतं आणि झाडं ते परत खेचून घेतात: मेस्किट, क्रिओसोट, आणि बाहेरून आलेलं टॅमरिस्क, म्हणजे आपल्या झाऊच्या कुळातलं झाड. जे काठाशी उघडं राहतं ते उन्हाने वाफ होतं आणि मागे खार ठेवतं. तुम्ही पात्रात पाहिलेली पांढरी खपली ती हीच. म्हणून म्हटलं की ओढ्याचं पाणी चुनखडीतल्या त्या खोल साठ्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही.

मधूनच अपवाद येतो. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या पावसाने डेथ व्हॅलीत एका दिवसात ५६ मिलिमीटर पाणी पडलं. तिथली वर्षाची सरासरीच जवळपास तेवढी. रस्ते उखडले आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. बॅडवॉटरच्या खाऱ्या सपाटीवर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, तळं साचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा मोठा पाऊस झाला, तळं भरलं, लोक त्यात होड्या घेऊन उतरले. त्याच महिन्याच्या शेवटी सोसाट्याचा वारा सुटला आणि त्याने ते अख्खं उथळ तळं तीनेक किलोमीटर उत्तरेकडे ढकललं. अमर्गोसाला समुद्र नाहीच. तिचं पाणी जाऊन जाऊन जातं ते इथे, आणि इथून फक्त वर.

आता मधला तुकडा, जिथे नदी खरोखर वाहते. अमर्गोसा सुमारे ३०० किलोमीटर लांब. उत्तरेला बिटी गावाजवळ थोडी दिसते, मग जमिनीखाली जाते, राज्याची सीमा ओलांडून कॅलिफोर्नियात शोशोनी-टेकोपाला पुन्हा वर येते, कॅनियनमधून वाहते, मग पश्चिमेला आणि तिथून उत्तरेला वळून डेथ व्हॅलीत शिरते. वर-खाली होण्यामागे काही चमत्कार नाही. दरी अरुंद झाली किंवा खालचा अभेद्य खडक उथळ झाला की गाळातल्या पाण्याला जागा उरत नाही आणि ते वर निघतं. दरी रुंद झाली की परत बुडतं. टेकोपाच्या वाहत्या तुकड्याला २००९ मध्ये केंद्र सरकारने ‘वाइल्ड अँड सीनिक’ नदीचा, म्हणजे नैसर्गिक रूपात राखायच्या नदीचा, दर्जा दिला. वाळवंटातल्या नदीच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

या तुकड्यात एक गोष्ट पाहुण्याला नेहमी चकवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाचा एक थेंब न पडता नदीचं पाणी वाढतं. आणि मे-जूनमध्ये ते घटत घटत काही ठिकाणी डबक्यांवर येतं. मापनयंत्राचा आलेख उघडला तर उन्हाळ्यात त्यात रोजची लाट दिसते: रात्री पाणी चढतं, दुपारनंतर उतरतं. हे झाडांचं काम. काठावरचं मेस्किट, विलो, बोरू दिवसा पाणी ओढतात, रात्री थांबतात. थंडीत पानं गळाली की ओढणं बंद, आणि खालून येणारं पाणी नदीला उरतं. भूजल जेवढं यायचं तेवढंच येत असतं; बदलतो तो मधला वाटेकरी. म्हणून एका दुपारी मोजलेल्या प्रवाहावरून नदी आटली किंवा सुधारली असं कोणी सांगितलं, तर आधी महिना आणि वेळ विचारा. अॅश मेडोजच्या एकूण पाण्याचा अंदाजही झऱ्यांच्या धारा मोजून पुरा होत नाही. झाडांनी आणि ओल्या जमिनीने उडवलेली वाफ मोजावी लागते.

तुम्ही विहिरींबद्दल ओझरतं विचारलं आहे. मला विचाराल तर खरा विषय तोच.

१९६८ पासून अॅश मेडोजला एका मोठ्या रँचने शेतीसाठी खोल विहिरींतून उपसा सुरू केला. जवळची विहीर डेव्हिल्स होलपासून चारेक किलोमीटरवर. पातळी उतरू लागली, कट्टा उघडा पडू लागला. १९७१ मध्ये केंद्र सरकार न्यायालयात गेलं. ७ जून १९७६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅपार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात एकमताने निकाल दिला: १९५२ मध्ये जागा राखीव ठेवली तेव्हाच तिथल्या तळ्याला लागणारं पाणीही राखीव झालं, आणि ते पाणी जमिनीखालून ओढलं तरी तो हक्क मोडतो. पातळी कुठून मोजायची? भिंतीत ठोकलेल्या एका तांब्याच्या चकतीपासून. तिच्याखाली २.७ फुटांपर्यंत, म्हणजे ८२ सेंटिमीटरपर्यंत पाणी राहिलंच पाहिजे असं ठरलं. एवढ्याशा माशासाठी शेती थांबवायची का, यावर तेव्हा गावागावांत भांडणं झाली. गाड्यांवर ‘पपफिश वाचवा’ आणि ‘पपफिश मारा’ असे दोन्ही स्टिकर फिरत होते. पुढे ती जमीन एका विकासकाकडे गेली, तिथे शहर वसवायचा बेत होता. १९८४ मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंरक्षण संस्थेने ती विकत घेऊन सरकारला दिली आणि अॅश मेडोज वन्यजीव आश्रयस्थान झालं.

पाणी परत चढलं, पण उपशाआधीच्या जागेवर पूर्ण आलं नाही. याचं कारण समजून घ्या, कारण महाराष्ट्रातल्या बोअरलाही ते लागू आहे. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ सी. व्ही. थाइस यांनी १९४० मध्येच ते लिहून ठेवलं आहे. विहिरीतून निघणारं पाणी शेवटी तीनच ठिकाणांहून येऊ शकतं: साठ्यातून, वाढलेल्या पुनर्भरणातून (म्हणजे नव्याने मुरणाऱ्या पाण्यातून), किंवा दुसरीकडे बाहेर पडणारं पाणी कमी करून. सुरुवातीला सगळं साठ्यातून येतं, म्हणून झऱ्याला काही होत नाही आणि सगळे निश्चिंत असतात. वाळवंटात पंप लावल्याने बर्फ जास्त पडत नाही, त्यामुळे पुनर्भरण वाढायचा प्रश्नच नाही. उरला तिसरा मार्ग. आज ना उद्या पंपाचा प्रत्येक लिटर कुठल्या तरी झऱ्याच्या, नाहीतर झाडाच्या वाट्यातून जातो. पंप दूर असेल तर याला दशकं लागतात. आणि पंप बंद केल्यावरही काही काळ झरा घटतच राहतो, कारण आधी पडलेला खड्डा भरायला पाणी तिकडे वळत असतं.

म्हणून ‘दहा वर्षं उपसा करतोय, झऱ्याला काही झालं नाही’ हा युक्तिवाद माझ्यापुढे कोणी केला की मी विहिरीचं अंतर आणि खडक विचारतो. बहुतेक वेळा दहा वर्षं हा काळ पुरेसाच नसतो. नेवाडाच्या राज्य अभियंत्याने नोव्हेंबर २००८ मध्ये आदेश क्रमांक ११९७ काढला तो याच समजुतीतून: डेव्हिल्स होलपासून २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या आत पाण्याचे नवे हक्क नकोत, मोजके अपवाद सोडून. माझ्या मते वर्तुळ ही ढोबळ रेघ आहे. चुनखडीतल्या भेगांची दिशा वर्तुळाकार नसते. एखादी दूरची विहीर जवळच्या विहिरीपेक्षा जास्त घातक ठरू शकते. पण ढोबळ रेघही नसण्यापेक्षा बरी. खोरं दोन राज्यांत विभागलेलं आहे, नेवाडात पाण्याचा कायदा एक आणि कॅलिफोर्नियात दुसरा, आणि शोशोनी-टेकोपाच्या झऱ्यांना वरच्या राज्यातल्या उपशाची झळ लागू शकते. हा गुंता अजून सुटलेला नाही.

प्रत्यक्ष जाणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी क्रिस्टल स्प्रिंग. तिथे लाकडी पायवाट आहे, कुंडाच्या तळाशी पाणी उसळताना वाळू नाचते ती नीट बघा. मासे दिसतील, ते डेव्हिल्स होलचे नव्हेत, त्यांचे चुलत भाऊ. पाण्यात उतरायला तिथे बंदी आहे. मग डेव्हिल्स होल, कुंपणाबाहेरून आणि वरून; मासा दिसणार नाही, पण मापनाची यंत्रणा दिसेल. तिथून टेकोपाला जाऊन कॅनियनमध्ये पायी उतरा, शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे नदी वाहती मिळेल. बॅडवॉटर शेवटी. वाटेतल्या कुठल्याही वॉशमध्ये गाडी लावून जेवायला बसू नका आणि तंबू तर मुळीच टाकू नका. आकाश निरभ्र आहे यावर जाऊ नका. निघण्याआधी वरच्या डोंगरांचा हवामान अंदाज बघा, कारण पूर तिथून येतो.